बसायला जागा हवी : खाडीतली देशी कालवं परत कशी आणतात

कालवाच्या पिल्लाला आयुष्यात घर एकदाच निवडता येतं.

अंड्यातून बाहेर पडल्यावर दोन-तीन आठवडे ते पाण्यात तरंगत असतं. पूर्ण वाढ झाली तरी मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शाएवढं, बारीक वाळूच्या कणासारखं. अंगावरचे केसांसारखे तंतू हलवत ते पोहतं, नुसत्या डोळ्यांना न दिसणारं शेवाळ खातं आणि बहुतेक वेळा कुणाच्या तरी पोटात जातं. लाखांतली जी मोजकी वाचतात त्यांच्या अंगावर शेवटी डोळ्यासारखा एक काळा ठिपका उमटतो आणि एक चिमुकला पाय फुटतो. त्या पायाने पिल्लू तळ चाचपत फिरतं. जागा पसंत पडली की सिमेंटसारखा एक चिकट थेंब सोडतं, डावा शिंपला त्यावर टेकवतं आणि तिथेच जखडून जातं. मग पायाची गरज उरत नाही, तो शरीरातच जिरून जातो. पुढे ते दहा वर्षं जगलं तरी त्या जागेवरून तसूभर हलत नाही.

पसंत पडते ती जागा कोणती? कठीण, स्वच्छ, गाळापासून थोडी उंच आणि शक्य असेल तर दुसऱ्या कालवाच्या शिंपल्यावरची. मोठ्या कालवांच्या अंगातून पाण्यात झिरपणारी रसायनं आणि जुन्या शिंपल्यावर साचलेला जिवाणूंचा पातळ थर यांचा माग पिल्लाला लागतो. आपली माणसं जिथे जगली, तिथे आपणही जगू शकू, असा हा सरळ हिशेब आहे. मऊ चिखलात बसलं तर काही दिवसांत ते गुदमरून मरतं.

खाडीतली देशी, म्हणजे मूळची त्याच पाण्यातली, कालवं परत आणायची म्हणजे काय, याचं मर्म या चिमुकल्या निवडीत आहे. तळ्यात मत्स्यबीज सोडावं तशी पिल्लं आणून सोडली की काम झालं, असं बाहेरून वाटतं. पण कालव आपली जमीन स्वतःच तयार करतं, आणि माणसाने शंभर-दीडशे वर्षांत कालवांबरोबर ती जमीनही उचलून नेली. आज जगभर जे प्रयत्न चालू आहेत त्यांतला मोठा भाग ही जमीन परत देण्याचा आहे.

मेलेल्यांच्या खांद्यावर जिवंत

कालवावर कालव, त्यावर आणखी कालव, असं शेकडो वर्षं चालत राहिलं की तळावर एक उंचवटा तयार होतो. वर जिवंत कालवांचा थर, खाली त्यांच्या आधीच्या पिढ्यांचे शिंपले. याला कालवांचा रीफ म्हणतात. प्रवाळाच्या रीफसारखाच हाही सजीवांनी बांधलेला. फरक इतकाच, की हा गढूळ, निमखाऱ्या पाण्यात असतो, त्यामुळे कुणाच्या नजरेत भरत नाही आणि त्याची सुंदर छायाचित्रंही निघत नाहीत. त्याच्याकडे इतका काळ दुर्लक्ष झालं त्याचं हेही एक कारण असावं.

रीफ एकदा बांधून पूर्ण होत नाही. शिंपला कॅल्शियम कार्बोनेटचा, म्हणजे चुन्याच्या घटकाचा असतो. पाण्यात तो हळूहळू विरघळतो. शिंपला पोखरणारे स्पंज आणि किडे त्याला भोकं पाडतात. वरून गाळ बसत राहतो. म्हणजे रीफ सतत झिजत असतो, आणि दरवर्षी जागच्या जागी मरणाऱ्या कालवांचे शिंपले ती झीज भरून काढतात. जमाखर्चाची वही डोळ्यांसमोर आणा. जमेच्या बाजूला नवे शिंपले, खर्चाच्या बाजूला झीज. जमा जास्त असेल तोवर रीफ वाढतो. खर्च वरचढ झाला की तो खचू लागतो, आणि मग पिल्लांना बसायला जागा कमी पडते, जागा कमी म्हणून कालवं कमी, कालवं कमी म्हणून शिंपले कमी. एकदा ही घसरण सुरू झाली की मासेमारी पूर्ण थांबवली तरी ती आपोआप थांबत नाही.

मासा पकडला तर मासा जातो, पाणी मागे राहतं. कालव काढलं तर प्राणीही जातो आणि त्याच्या पिल्लांचं घरही. झाड तोडताना त्याखालची माती खणून न्यावी, तसं हे आहे.

हे सगळं आज कळलं असंही नाही. कार्ल मोबियस हे जर्मन प्राणिशास्त्रज्ञ उत्तर समुद्राच्या किनाऱ्यावरच्या कालवांचा अभ्यास करत होते. कालवांची शेती तिथे करता येईल का, हा सरकारचा प्रश्न होता. उत्तर शोधताना त्यांच्या लक्षात आलं, की कालवांचा पट्टा म्हणजे एकट्या कालवांची वस्ती नाही. खेकडे, किडे, शेवाळं, तारामासे हे सगळे एकमेकांत गुंतलेले आहेत, आणि एकाला हात लावला की सगळ्यांची घडी विस्कटते. १८७७ मध्ये त्यांनी या गुंतलेल्या वस्तीला ‘बायोसिनोसिस’ असं नाव दिलं. परिसंस्थेच्या शास्त्रातली ही अगदी पायाभूत कल्पना कालवांच्या ढिगाऱ्यात सापडलेली आहे, याचं मला नेहमी नवल वाटतं.

एक कालव, दिवसभर

कालव जेवतं कसं ते बघितलं की खाडीला त्याची गरज का आहे ते कळतं. शिंपले किंचित उघडून ते पाणी आत ओढतं. कल्ल्यांवरचे बारीक तंतू पाण्यातले कण धरतात. खाण्याजोगं शेवाळ तोंडाकडे जातं, नको असलेला गाळ चिकट द्रवात गुंडाळून, गोळ्या करून बाहेर टाकला जातो. या गोळ्या जड असल्यामुळे तळाशी बसतात. पाण्यात तरंगून उजेड अडवणारा गाळ असा खाली जातो आणि पाणी निवळतं. उजेड तळापर्यंत पोचला की समुद्री गवत उगवतं, आणि त्या गवतात माशांची पिल्लं लपतात.

एक मोठं कालव दिवसाला सुमारे १९० लिटर पाणी गाळतं, हा आकडा सगळीकडे वाचायला मिळतो. तो खरा आहे, पण उत्तम परिस्थितीतला, वरच्या टोकाचा आहे. थंडीत कालव जवळजवळ थांबतं, पाणी फार गढूळ झालं तर शिंपले मिटून बसतं. प्रत्यक्षातली सरासरी बरीच कमी असते. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर चेसापीक नावाची तीनशेहून अधिक किलोमीटर लांबीची खाडी आहे. रॉजर न्यूवेल या शास्त्रज्ञांनी १९८८ मध्ये अंदाज मांडला, की १८७० पूर्वीची कालवं त्या अख्ख्या खाडीएवढं पाणी तीन-चार दिवसांत गाळू शकत असावीत, आणि उरलेल्या कालवांना तेवढ्याच पाण्यासाठी जवळपास एक वर्ष लागेल. या गणितावरही नंतर बरीच चर्चा झाली, कारण रीफजवळचं पाणी पुन्हा पुन्हा गाळलं जातं आणि दूरचं पाणी रीफपर्यंत पोचतही नाही. आकड्यावर वाद घालता येईल, दिशेवर नाही.

नायट्रोजनची गोष्ट मला गाळण्याहून मोठी वाटते. शेतातलं खत आणि शहरांचं सांडपाणी यांतून खाडीत नायट्रोजन येतो. त्यावर शेवाळ माजतं, मरतं, कुजतं, आणि कुजताना पाण्यातला प्राणवायू संपवतं. कालव शेवाळ खातं तेव्हा त्यातला काही नायट्रोजन त्याच्या मांसात आणि शिंपल्यात जातो. तळाशी पडलेल्या त्या गोळ्यांवर जिवाणू काम करतात आणि आणखी काही नायट्रोजनचा वायू करून हवेत सोडतात. हवेत तो निरुपद्रवी असतो. मात्र एक सांगायला हवं. वरून येणारं खत आणि सांडपाणी तसंच चालू राहिलं, तर कितीही कालवं आणली तरी ती पुरी पडणार नाहीत. कालवांना झाडूवाला समजून घाण टाकत राहणं हा त्यांच्यावर अन्याय आहे.

शिवाय रीफच्या खाचाखोचांत खेकडे, कोळंबी, लहान मासे राहतात. चेसापीकमध्ये रीफच्या आश्रयाने राहणाऱ्या जाती तीनशेच्या वर मोजल्या जातात. उथळ पाण्यातला रीफ लाटांचा जोरही कमी करतो.

गेली कुठे?

२०११ मध्ये जगभरातल्या १४४ खाड्यांची माहिती एकत्र करून एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्याचा निष्कर्ष असा, की कालवांचे सुमारे ८५ टक्के रीफ नष्ट झाले आहेत. प्रवाळाबद्दल आपण जेवढं ऐकतो त्याच्या मानाने ही हानी फारच शांतपणे झाली. युरोपचं चित्र आणखी उदास आहे. २०२४ मध्ये जुन्या नोंदी, नकाशे, प्रवासवर्णनं चाळून संशोधकांनी दाखवलं, की तिथल्या चपट्या कालवांचे रीफ एके काळी १७ लाख हेक्टरहून अधिक समुद्रतळ व्यापून होते. आज जिवंत माणसांपैकी कुणीही तसा रीफ पाहिलेला नाही. तो समुद्र असा असायचा, हेच लोक विसरून गेले होते. न्यूयॉर्कच्या बंदरात २ लाख २० हजार एकरांवर कालवं होती असा अंदाज आहे. तिथला कालवं काढण्याचा शेवटचा पट्टा सांडपाण्याच्या प्रदूषणामुळे १९२७ मध्ये बंद झाला.

चेसापीकमध्ये १८८० च्या दशकात एकट्या मेरीलँड राज्याच्या बाजूने एका हंगामात सुमारे दीड कोटी बुशेल कालवं निघाली. बुशेल म्हणजे साधारण ३५ लिटरची टोपली. २००४ च्या सुमारास हाच आकडा तीस हजारांच्याही खाली आला होता. काढायची पद्धतही रीफच्या मुळावर येणारी होती. लोखंडी दाते बसवलेली जड जाळी बोटीमागून तळावर ओढत न्यायची. ती कालवांबरोबर रीफची उंचीही खरवडून नेते. शिंपले परत पाण्यात टाकावेत हे सुचवणारे लोक तेव्हाही होते, पण शिंपल्यांना गिऱ्हाईक होतं. चुन्याच्या भट्ट्या, रस्त्यांची भर, कोंबड्यांचं खाद्य, सगळीकडे ते गेले. विल्यम ब्रूक्स या प्राणिशास्त्रज्ञांनी तिथल्या कालवांची अंडी शरीराबाहेर, पाण्यातच फळतात हे दाखवून दिलं होतं, आणि कालवं अशीच काढत राहिलात तर ती संपतील असंही ते सांगत होते. ऐकलं गेलं नाही.

मग रोग आले. विसाव्या शतकाच्या मध्यावर डर्मो आणि एमएसएक्स नावाचे दोन परजीवी चेसापीकमध्ये आढळले. माणसाला त्यांचा काही धोका नाही, पण कालवं हजारोंनी मरतात. एमएसएक्सचा परजीवी मूळचा पॅसिफिकच्या पलीकडचा, तिथल्या कालवात राहणारा आहे, हे पुढे जनुकीय तपासणीतून कळलं. चेसापीकच्या कालवांच्या अंगात त्याच्याशी लढायची ताकद नव्हती.

म्हणूनच ‘देशी’ या शब्दावर एवढा भर असतो. २००० नंतरच्या काही वर्षांत चेसापीकमध्ये आशियाई जातीचं कालव आणून सोडावं, अशी जोरदार मागणी होती. ते लवकर वाढतं, त्या रोगांना दाद देत नाही. पण बाहेरची जात एकदा मोकळी सोडली की परत बोलावता येत नाही, आणि तिच्याबरोबर काय येईल ते आधी कळत नाही. बरीच वर्षं अभ्यास होऊन २००९ मध्ये तो विचार सोडून देण्यात आला आणि देशी कालवावरच भर द्यायचं ठरलं. माझ्या मते तो निर्णय योग्यच होता. घाईचं उत्तर समोर असताना संथ उत्तर निवडणं सोपं नसतं.

टंचाई जागेची की पिल्लांची?

आता प्रत्यक्ष काम. कोणत्याही खाडीत हात घालण्याआधी एक प्रश्न सोडवावा लागतो : इथे कमी काय आहे, बसायला जागा की बसणारी पिल्लं?

कालवाची मादी एका हंगामात लाखो-कोट्यवधी अंडी सोडते. पण नर आणि मादी जवळजवळ नसतील तर अंडी आणि शुक्रजंतू पाण्यात भेटतच नाहीत, विरून जातात. बरीच कालवं तरुणपणी नर असतात आणि मोठी झाल्यावर मादी होतात. त्यामुळे मोठी कालवं वेचून काढली की माद्याच कमी होतात. युरोपच्या चपट्या कालवाची तऱ्हा वेगळी. त्याची मादी अंडी शिंपल्यातच ठेवते आणि पिल्लं काही दिवस आत सांभाळून मग बाहेर सोडते. तिथेही शेजार लागतोच, कारण नराने सोडलेले शुक्रजंतू पाण्यातून तिच्यापर्यंत पोचायला हवेत. थोडक्यात, शंभर कालवं खाडीभर विखुरलेली असणं आणि शंभर एका ठिकाणी असणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

काही खाड्यांत थोडे जुने रीफ शिल्लक असतात आणि पाण्यात पिल्लं भरपूर असतात. तिथे स्वच्छ शिंपले किंवा दगड पसरले की पुष्कळ काम निसर्ग करतो. पाण्यात एक चाचणी फरशी किंवा शिंपल्यांची जाळी टांगून काही आठवड्यांनी तिच्यावर किती पिल्लं बसली ते मोजलं, की याचा अंदाज येतो. काही खाड्यांत ही फरशी कोरीच वर येते. तिथे आईबाप उरलेलेच नसतात, म्हणून पिल्लं माणसालाच तयार करावी लागतात.

हॅचरीत, म्हणजे पिल्लं तयार करण्याच्या केंद्रात, मोठी कालवं हळूहळू कोमट होत जाणाऱ्या पाण्यात ठेवतात आणि शेवाळ खाऊ घालतात. वसंत आला असं वाटून ती अंडी सोडतात. पिल्लं मोठ्या टाक्यांत वाढतात, आणि डोळ्याचा ठिपका व पाय दिसू लागला की गाळणीवर गोळा केली जातात. लाखो पिल्लांचा गोळा एका मुठीत मावतो, ओल्या कापडात गुंडाळून थंड ठेवला तर प्रवासही करू शकतो. मग ही पिल्लं जुन्या शिंपल्यांनी भरलेल्या टाकीत सोडतात. काही दिवसांत एकेका शिंपल्यावर अनेक पिल्लं जाऊन बसतात. असे पिल्लं बसलेले शिंपले बोटीतून नेऊन ठरलेल्या जागी सोडायचे. त्यांतली बरीचशी पहिल्याच वर्षी खेकडे खातात किंवा गाळ गिळतो. हे धरूनच आकडे ठरवलेले असतात.

एक सावधगिरी इथे महत्त्वाची. पिल्लांचे आईबाप नेहमी तेच ते थोडे वापरले तर पुढची सगळी वस्ती एकमेकांची भावंडं होते आणि एखादा नवा रोग सगळ्यांना एकदम आडवं करू शकतो. म्हणून शक्यतो त्याच पाण्यातली, वेगवेगळ्या ठिकाणची जंगली कालवं आईबाप म्हणून घेतात. बाजारासाठी वाढवलेली बरीच कालवं मुद्दाम वांझ केलेली असतात, म्हणजे त्यांची ताकद प्रजननात न जाता मांसात जाते. अशी कालवं पाणी गाळतील, पण रीफची पुढची पिढी त्यांच्याकडून मिळणार नाही.

आणि उंची. चेसापीकला मिळणाऱ्या, व्हर्जिनिया राज्यातल्या ग्रेट विकोमिको नदीत २००४ मध्ये सुमारे ३५ हेक्टरांवर एक मोठा प्रयोग झाला. काही रीफ उंच बांधले, काही जेमतेम तळावर पसरले, आणि सगळ्यांवर कालवं काढायला बंदी घातली. पाच वर्षांच्या आत तिथे १८.५ कोटी कालवं मोजली गेली. उंच रीफवर त्यांची दाटी बुटक्या रीफच्या चौपट होती. कारण साधं आहे. थोडं वर बसलेल्या कालवावरून पाणी वाहतं, अन्न येतं, गाळ निघून जातो, आणि उन्हाळ्यात तळाशी प्राणवायू संपतो तेव्हा ते त्या थराच्या वर असतं. आधीच्या अनेक दशकांचे प्रयत्न का फसले, याचं एक मोठं उत्तर या चौपटीत मिळालं. शिंपले टाकले जात होते, पण पापडासारखे पातळ पसरून.

शिंपल्यांचा दुष्काळ

सगळ्यांत अवघड वस्तू कोणती, असं विचारलं तर मी म्हणेन, शिंपले. शंभर वर्षांपूर्वी जे फुकट वाटले गेले त्यांची आज टंचाई आहे. मेरीलँडने रीफसाठी लागणारे शिंपले स्थानिक पातळीवर मिळेनात म्हणून फ्लोरिडातल्या खाणीतून प्राचीन काळचे, जीवाश्म झालेले शिंपले रेल्वेने आणले. ज्या खाडीच्या काठी एके काळी शिंपल्यांचे डोंगर होते तिथे हे करावं लागलं.

आता अनेक ठिकाणी उपाहारगृहांतून शिंपले गोळा केले जातात. ते थेट पाण्यात टाकता येत नाहीत, त्यांवर मांसाचे अंश आणि दूरच्या समुद्रातले रोगजंतू असू शकतात. म्हणून सहा महिने ते वर्षभर उघड्यावर उन्हा-पावसात पसरून ठेवतात, अधूनमधून ढीग उलथतात, आणि मगच वापरतात. तरीही गरज भागत नाही, म्हणून ग्रॅनाइट, चुनखडीचे दगड, काँक्रीटचे तुकडे वापरले जातात. दक्षिण ऑस्ट्रेलियात २०१७-१८ मध्ये विंडारा नावाचा २० हेक्टरांचा रीफ बांधला, तो चुनखडीच्या दगडांवरच. तिथे देशी चपटी कालवं जवळजवळ संपलेली होती. त्याच भागातल्या संशोधकांनी आणखी एक सुंदर गोष्ट करून पाहिली. निरोगी रीफ गजबजलेला असतो. नांगी टक्कन वाजवणारी कोळंबी तिथे सतत टकटक करत असते. तो आवाज रेकॉर्ड करून पाण्याखाली वाजवला, तर आसपासच्या कोऱ्या जागेवर जास्त पिल्लं येऊन बसली. म्हणजे पिल्लू जागा नुसती चाचपत नाही, ऐकतंही.

कुठवर आलं आहे

चेसापीकच्या दहा उपनद्यांत २०२५ पर्यंत रीफ परत उभे करायचे, असा करार संबंधित राज्यं आणि केंद्र सरकार यांनी २०१४ मध्ये केला. त्यांतली पहिली मोठी जागा मेरीलँडमधली हॅरिस क्रीक. तिथे सुमारे ३५० एकरांवर दोनशे कोटींहून अधिक पिल्लं सोडली गेली, आणि २०१५ मध्ये मुख्य काम पूर्ण झालं. दहाही उपनद्यांतलं काम आता झालं आहे. मला यात सर्वांत आवडतं ते म्हणजे ‘यश’ कशाला म्हणायचं हे काम सुरू करतानाच लिहून ठेवलं होतं. सहा वर्षांनी दर चौरस मीटरला किमान १५ कालवं हवीत, खरं ध्येय ५० चं, ती रीफच्या निदान ३० टक्के भागावर असायला हवीत, आणि ती एकाहून जास्त वयोगटांतली असायला हवीत. किती शिंपले ओतले, किती खर्च झाला, यावर यश मोजलेलं नाही. हॅरिस क्रीकमधले जवळजवळ सगळे रीफ हा किमान निकष पार करतात.

न्यूयॉर्कच्या बंदरात २०१४ पासून शाळकरी मुलं आणि हजारो स्वयंसेवक मिळून २०३५ पर्यंत शंभर कोटी कालवं वाढवण्याचं काम करत आहेत. ती खायची नाहीत. मोठ्या पावसात तिथे अजूनही सांडपाणी बंदरात येतं, आणि कालव जे पाण्यात असतं ते अंगात साठवतं. अशा ठिकाणी चोरून कालवं काढणारा माणूस रीफचंही नुकसान करतो आणि स्वतःच्या पोटाचंही. स्कॉटलंडच्या डॉर्नॉक फर्थ या खाडीत चपटी कालवं संपून शंभर वर्षं झाली होती. तिथे २०१७ मध्ये पहिल्यांदा फक्त ३०० कालवं ठेवली, ती जगतात का ते बघितलं, आणि मगच पुढची हजारो आणली. युरोपात बोनामिया नावाचा परजीवी पसरलेला असल्यामुळे रोगमुक्त पाण्यात कालवं नेताना फार जपावं लागतं.

जिथे रीफ राखीव केला जातो तिथे वर्षानुवर्षं कालवं काढून पोट भरणाऱ्यांची जागा जाते. त्यांचा राग खोटा नाही. काही राखीव रीफ आणि काही काढण्याजोगे पट्टे अशी वाटणी अनेक ठिकाणी केली जाते, आणि राखीव रीफवरची पिल्लं वाहत जाऊन शेजारच्या पट्ट्यावर बसतात हे दिसू लागलं की विरोध थोडा मावळतो. पण त्याला वर्षं लागतात, आणि तोवर त्यांच्या घरात काय शिजायचं याचा विचार योजना आखणाऱ्यांनी आधी करायला हवा.

कधी कधी सगळं नीट करूनही पाणीच साथ देत नाही. कालवाला निमखारं पाणी लागतं. फ्लोरिडातल्या ॲपलाचिकोला खाडीत नदीतून येणारं गोडं पाणी दुष्काळात आणि वरच्या अंगाच्या वापरामुळे घटलं, खारेपणा वाढला, कालवं खाणारे समुद्री गोगलगायींसारखे जीव आत शिरले, आणि २०१२ मध्ये तिथली कालवांची मासेमारी कोसळली. २०१९ मध्ये अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या मिसिसिपी साउंडमध्ये नेमकं उलट झालं. पुराचं गोडं पाणी महिनोन् महिने येत राहिलं आणि तिथली जवळजवळ सगळी कालवं मेली. त्यात हवेतला वाढता कार्बन डायऑक्साइड समुद्राचं पाणी आम्लधर्मी करत चालला आहे, आणि पहिला शिंपला घडवणाऱ्या पिल्लाला त्याचा फटका सर्वांत आधी बसतो. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरच्या हॅचऱ्यांत २००७-०८ च्या सुमारास पिल्लं मोठ्या संख्येने मरू लागली तेव्हा हे लक्षात आलं. आता तिथे पाण्याचा आम्लपणा सतत मोजून मगच ते टाकीत घेतात.

रीफ तपासायला जाणारे पाणबुडे ठरावीक चौकटीतली सगळी कालवं उचलून वर आणतात, मोजतात, मोजपट्टी लावतात. मोठी कालवं दिसली की बरं वाटतंच, पण ती हॅचरीतून आणलेली असतात. त्यांच्या पाठीवर नखाएवढं, कुणीही न सोडलेलं, स्वतःहून येऊन बसलेलं पिल्लू आहे का, हे त्यानंतर शोधलं जातं.